सत्त्याहत्तर अक्का

परवा एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले. मुलगा सतरा वर्षांचा, बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेला. काय घडलं ते सगळं सांगून झाल्यावर गृहस्थांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मॅडम, पण बिअरच होती हो ती. दारू नव्हती."

हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे की आता राग येत नाही. नुसता मानेत एक ठणका उठतो. मी त्यांना कायदा सांगितला. आपल्याकडे बिअरला एकवीस, बाकी दारूला पंचवीस. आणि अठराच्या आतल्या पोराच्या हातात कोणी ग्लास दिला, तर देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. गृहस्थ म्हणाले, "बापालापण?" मी म्हटलं, "बापालापण." हा कायदा मीच आज सकाळी बसून केला असावा, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अक्कांकडे लोक असंच बघायचे.

अक्का म्हणजे माझ्या सीनियर. सनद मिळाल्यावर मी धुळ्याहून जळगावला आले, मेहरूणला एक खोली भाड्याने घेतली आणि कोर्टाजवळच्या त्यांच्या ऑफिसात जाऊ लागले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. मूळच्या चोपड्याकडच्या, शेतकरी घरातल्या. लग्न केलं नव्हतं. बाहेर पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण कोर्टातल्या वकिलांच्या अख्ख्या बार रूममध्ये त्यांना 'सत्त्याहत्तर' म्हणत. बाल न्याय कायद्याचं सत्त्याहत्तरावं कलम म्हणजे मुलाला दारू किंवा नशेची वस्तू देणाऱ्याला शिक्षा. हे कलम त्या उठताबसता इतकं म्हणायच्या की ते त्यांनाच चिकटलं. त्या लांबून येताना दिसल्या की कोणीतरी हळूच म्हणे, "सत्त्याहत्तर आलं." त्यांना ते ऐकू जायचं. "आलं नाही, आली," एवढी दुरुस्ती करून त्या पुढे जायच्या.

त्यांचं काम बहुतेक सगळं लहान पोरांचं. अठराच्या आतली, कुठल्या ना कुठल्या गुन्ह्यात सापडलेली. सरकारी भाषेत अशा पोराला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. अक्का म्हणायच्या, "एवढा शब्द म्हणेपर्यंत पोरगं मोठं होऊन जातं." त्या नुसतं 'पोरगं' म्हणत. बाल न्याय मंडळापुढेही एकदा म्हणाल्या, आणि मॅजिस्ट्रेट हसले.

त्यांच्या टेबलावर त्यांचं हेल्मेट उलटं ठेवलेलं असे आणि त्यात केळी. भावाच्या शेतातली. स्कूटरवरून आल्या की हेल्मेट काढायच्या, पुसायच्या आणि पिशवीतली केळी त्यात रचायच्या. पोरगं ऑफिसात आलं की पहिलं त्याच्यापुढे हेल्मेट सरकवायचं. आईबाप घाईत असायचे, रडत असायचे, कधी एकमेकांशी भांडत असायचे. अक्का हात वर करून सगळ्यांना थांबवायच्या. पोराने केळं खाऊन संपवेपर्यंत कोणी बोलायचं नाही. त्यांचं म्हणणं असं की उपाशी पोरगं हमखास खोटं बोलतं. त्याला वाटतं, लवकर काहीतरी सांगून सुटावं. मी एकदा विचारलं, "आणि पोट भरलेलं?" म्हणाल्या, "तेही बोलतं. पण जरा सावकाश. आपल्याला पकडता येतं."

ऑफिसात पंखा एकच होता, भिंतीवरचा. तो कायम पोराच्या खुर्चीकडे वळवलेला. बापाची खुर्ची कोपऱ्यात, कपाटाला लागून. मे महिन्यात जळगावला त्या कोपऱ्यात बसणं म्हणजे काय, ते तिथे बसलेल्यालाच कळे. बाप घाम पुसत पंख्याकडे बघू लागला की अक्का विचारायच्या, "पहिला घोट कोणी दिला?"

हा त्यांचा प्रश्न. चोरी असो, मारामारी असो, गाडी ठोकलेली असो. दारूचा वास आला की हाच पहिला प्रश्न. उत्तर बहुतेक 'मित्रांनी' असं यायचं. अक्का तो शब्द खोडून टाकल्यासारखा हात हलवायच्या. मग हळूहळू खरं निघायचं. चुलतभावाने वरातीत दिला. शेजारच्या काकांनी क्रिकेटची मॅच बघताना दिला. आजोबांनी, सर्दी झाली म्हणून, चमचाभर. बापाने, गंमत म्हणून, तिसरीत असताना, आणि तोंड वाकडं केलं म्हणून सगळे पोट धरून हसले.

"सगळ्यांना मौजच वाटते ग," त्या म्हणायच्या. "दुष्टपणाने कोणी देत नाही. दुष्टपणाने दिला असता तर माझं काम सोपं होतं."

लग्नसराईत त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. अक्षता पडल्या, की बाई जेवायच्या पंगतीकडे न जाता मंडपाच्या मागे. जिथे गाड्या लावलेल्या असतात, डिक्क्या उघड्या असतात आणि पुरुषांचे घोळके उगीच मोठ्याने हसत असतात, तिथे. कोल्ड्रिंकच्या बाटल्या घेऊन उभी असलेली पोरं दिसली की सरळ बाटली हातात घेऊन नाकाशी न्यायची. "बाळा, जन्मसाल काय तुझं?" पोरं पळायची. मग ज्याची डिक्की, त्याच्याकडे वळून शांतपणे: "सत्त्याहत्तर माहीत आहे का?" एका व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नात नवरदेवाच्या वडिलांनी दोन्ही हात जोडले. "अक्का, आज राहू द्या. मंगल कार्य आहे." अक्का म्हणाल्या, "म्हणून तर आत्ताच सांगते. दवाखान्यात भेटलो तर तुम्हाला ऐकू येणार नाही." पुढे पुढे लोक पत्रिका द्यायचे, पण ती अशा बेताने की लग्न होऊन गेल्यावर मिळावी.

मेहरूणच्या तलावाकडे एक परमिट रूम होती. तिथे त्या कधीकधी संध्याकाळी जाऊन बसायच्या. लिंबू सोडा मागवायच्या आणि आजूबाजूच्या टेबलांवरचे चेहरे निरखायच्या. मालक बिचारा काउंटरमागे कासावीस. त्याने शेवटी दारावर पाटी लावली, एकवीस वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही. त्याखाली कोणीतरी खडूने लिहून ठेवलं: 'अक्का येतात.' मालकाने ते पुसलं नाही. म्हणाला, पाटीपेक्षा त्याचाच उपयोग होतो.

एवढा वेडेपणा कशापायी, याच्या बार रूममध्ये बऱ्याच कथा होत्या. कोणी म्हणे भाऊ दारूत गेला, कोणी म्हणे ठरलेलं लग्न दारूने मोडलं. मी एकदा धीर करून विचारलंच. अक्कांनी चहाचा कप खाली ठेवला. "कारण लागतं का ग? समोर पोरं येतात रोज. तेवढं पुरत नाही?" मग पुन्हा कप उचलून म्हणाल्या, "थकले मी. पोरांनी नाही थकत, मोठी माणसं थकवतात."

आणखी एक खोड होती, तिच्यामुळे बारमधले ज्येष्ठ वकील त्यांच्यावर खरोखर नाराज असत. अपघाताची केस आली, पोराचं वकीलपत्र घेतलं, की त्या आधी समोरच्या घरी जायच्या. ज्याला लागलं असेल किंवा जो गेला असेल, त्याच्या घरी. मी पहिल्यांदा हे पाहिलं ते पारोळ्याकडच्या केसमध्ये. तीच केस सांगायची आहे.

मे महिन्यातली सकाळ. ऑफिस उघडून मी झाडत होते, तर दारात चार माणसं. पांढरा सदरा घातलेला, पन्नाशीच्या आतबाहेरचा एक शेतकरी. त्याच्या मागे त्याची विधवा बहीण, डोक्यावरून पदर. तिचा मुलगा, सोळाचा, कोपर आणि हनुवटी सोललेली. आणि एक तरुण सालदार, म्हणजे त्या शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. तो दाराबाहेरच उभा राहिला.

आदल्या दिवशी शेतकऱ्याच्या मुलीची हळद होती. डीजे लावलेला. संध्याकाळी बर्फ संपला. कोणीतरी भाच्याच्या हातात मामाच्या मोटरसायकलची किल्ली दिली आणि त्याला हायवेवर पिटाळलं. हायवेच्या कडेला एक माणूस टरबुजांचं दुकान लावायचा. दिवेलागणीला तो ढिगावर ताडपत्री ओढत होता. पोराने गाडी त्याच्यावर घातली. स्वतः पडला, उठला, आणि शेताशेतातून पळत घरी आला. गाडी तिथेच राहिली. माणसाला लोकांनी धुळ्याला दवाखान्यात नेलं. पोलिसांकडे फक्त गाडीचा नंबर होता.

अक्का आल्या. हेल्मेट काढलं, केळी रचली आणि पोरापुढे सरकवली. पोराने मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "खाय."

केळं संपल्यावर मामाने तोंड उघडलं. "अक्का, गाडी आमचा हा सालदार चालवत होता असं सांगायचं. लायसन आहे त्याच्याकडे. तो तयार आहे."

अक्कांनी दाराबाहेर हाक मारली. "भाऊ, आत या. तुम्ही तयार आहात?"

सालदाराने मान हलवली. ती होय म्हणून होती की नाही म्हणून, मला कळलं नाही. अक्कांना कळलं असावं. त्यांनी त्याच्या हातात एक केळं दिलं आणि सांगितलं, "तुम्ही घरी जा. गाडी पकडा आणि जा." तो गेला. इतक्या झटकन गेला की मामा उठून उभा राहिला.

"बसा," अक्का म्हणाल्या. "तुमच्या भाच्यासाठी कायद्याने एक वेगळं दार ठेवलं आहे. त्याच्यासाठी तुरुंग नाही, मंडळ आहे. मंडळ त्याला सुधारायला बघतं. पुढे त्याचा कागदही पुसला जातो. नोकरीला लागताना कोणी काढून दाखवू शकत नाही. पण त्या दारातून जायचं तर त्याने स्वतः जायला हवं. दुसऱ्याला ढकलून याला भिंतीवरून पलीकडे टाकाल, तर हा आयुष्यभर भिंतीवरच बसेल."

मग त्यांनी प्रश्न विचारला. पहिला घोट कोणी दिला?

पोरगं खाली बघत राहिलं. त्याची आईही. उत्तर मामाने दिलं, आणि त्यात लपवाछपवी नव्हती. "मीच. सोळा लागलं त्याले. बाप नाही, म्हटलं आपणच सांगायचं, आता तू मोठा झाला. बिअरच होती, अक्का. पोरगी सासरी चालली होती, मन भरून आलेलं."

अक्कांनी पेनाचं टोपण लावलं. मी त्यांना ओळखत होते. आता सत्त्याहत्तर येणार म्हणून मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "नीट ऐका. मी या पोराची वकील. तुमची नाही. गाडी तुमच्या नावावर, म्हणून मालक म्हणून तुमच्यावर एक गुन्हा होणारच. अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडी दिली म्हणून. त्यालाही पंचविशीपर्यंत लायसन मिळणार नाही. पण बिअरचं प्रकरण वेगळं आहे. ते निघालं तर तुम्ही आत जाल. तुमचा वकील तुम्ही वेगळा बघा, आणि मला आत्ता जे सांगितलं ते पुन्हा मला सांगू नका."

मग मामाला आणि आईला बाहेर बसवून त्यांनी पोराला सगळं समजावलं. मंडळापुढे तुला विचारतील. स्वतःच्या विरुद्ध बोलायची सक्ती कायदा कोणावर करत नाही. काल संध्याकाळची गोष्ट, आता रक्ताच्या तपासणीत काही निघेल असं नाही. काय सांगायचं ते तू ठरव.

पोराने विचारलं, "मी नाही बोललो तर मामाला काही होणार नाही?"

"दारूबद्दल नाही."

"आणि बोललो तर मला काही कमी होईल?"

"फारसं नाही," अक्का म्हणाल्या.

मी चकित होऊन त्यांच्याकडे बघत होते. जी बाई लग्नामागून लग्नात मंडपामागे जाऊन बाटल्या हुंगते, तिच्यासमोर ते कलम आयतं चालत आलं होतं आणि ती पोराला सांगत होती की तू गप्प राहू शकतोस. पोरगं बाहेर आईकडे गेल्यावर मी तसं म्हटलं. अक्का चिडल्या नाहीत. "मंडपात मी अक्का असते. इथे त्याची वकील आहे. दोन्ही एकदम होता येत नाही," म्हणाल्या, आणि स्वतःच पोराला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी टरबूजवाला धुळ्याला वारला.

त्यानंतर आम्ही त्याच्या घरी गेलो. हायवेपासून आत, दोन खोल्या. अंगणात टरबुजांचा ढीग तसाच पडलेला, तळाची फुटून माश्या घोंघावत होत्या. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने अक्कांना पोलीस समजून पाट सरकवला. अक्का पाटावर न बसता जमिनीवर बसल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "मी पोलीस नही. मी त्या पोऱ्यानी वकील शे."

मला वाटलं, आता आम्हाला हाकलून देतील. घरात बाया होत्या, त्यांच्यात कुजबुज झाली. त्या बाईने फक्त येण्याचं कारण विचारलं, "मंग आठे कसाले उनात?"

अक्कांनी तिला सांगितलं, की त्या मुलाची बाजू मी मांडणार आहे. त्याला जे जे मिळू शकतं ते मागणार आहे. हे तुम्हाला कोर्टात कोणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. माफी मागायला आलेले नाही. ती मी मागून चालणार नाही.

बाईने बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "कितला वरीसना शे तो?"

"सोळा."

तिने आत पाहिलं. आत एक मुलगी चुलीपाशी बसली होती. "मनी पोर पंधरानी शे," ती म्हणाली. एवढंच. मग तिने एका बाईला खूण केली आणि आमच्यासाठी पाणी आलं. परत येताना स्कूटरवर मागे बसून मी विचारलं, की असं का जायचं? अक्का मोठ्याने काहीतरी म्हणाल्या, पण हेल्मेटमुळे मला ऐकू आलं नाही.

मंडळ म्हणजे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक सदस्य. खोलीत टेबल, खुर्च्या. आरोपीचा पिंजराबिंजरा काही नाही. पोलीससुद्धा साध्या कपड्यात. त्या दिवशी सदस्यांतल्या एका बाईंनी पोराला अगदी सहज विचारलं, "बेटा, तो माणूस तुला दिसला नव्हता का?"

पोरगं म्हणालं, "दिसला होता."

"मग?"

"दोन दिसले. दोन माणसं ताडपत्री ओढत होती. मी मधून गाडी घातली."

अक्कांनी डोळे मिटून घेतले. सदस्य बाईंनी विचारलं, "काय प्यायला होतास?" आणि पोराने सांगितलं. कोणी दिलं, तेही सांगितलं. भिंतीशी त्याची आई उभी होती. तिने तोंडावर पदर घेतला.

पोराला मंडळाने वर्षभर देखरेखीखाली ठेवलं, समुपदेशन लावलं, आणि दर रविवारी पारोळ्याच्या सरकारी दवाखान्यात सेवा करायला सांगितली. तिथे तो स्ट्रेचर ढकलायचा. मामावर सत्त्याहत्तरचा गुन्हा नोंदला गेला.

आई अक्कांकडे आली ती एकटी. केळी पुढे सरकवण्याआधीच म्हणाली, "तुम्हीच पढवलं त्याले." अक्का म्हणाल्या, नाही. "मंग कोणी? तो मना भाऊ शे. नवरा गेल्यावर त्याच्याच घरात राहतो आम्ही. आता वहिनी बोलत नाही. चूल वेगळी केली तिने. मना पोऱ्यानी आमचंच घर पेटवलं." ती रडत होती आणि अक्का समजूतही काढत नव्हत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "भाऊ काय म्हणतो?"

आई एकदम थांबली. "तो काहीच म्हणत नाही. रविवारी पोराला दवाखान्यात घेऊन जातो. बसने."

ते खरं होतं. मोटरसायकलची नोंदणी रद्द झालेली, पोराला लायसन नाही. मामा त्याला एसटीने न्यायचा, बाहेर झाडाखाली बसायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. पुढे मामाची केस जळगावच्या कोर्टात उभी राहिली, तेव्हाही दोघं एकाच बसने यायचे. आरोपी आणि त्याच्याविरुद्धचा साक्षीदार. कँटीनमध्ये एका बशीतली भजी खायचे. सरकारी वकील अक्कांना म्हणाले, अशाने साक्षीदारावर दबाव येईल. अक्का म्हणाल्या, "येईलच. त्याच्याच ताटात वाढलाय तो."

तारखा पडत गेल्या. पोराची बारावी झाली, मिशी फुटली. हळदीला हजर असलेले एकेक साक्षीदार येऊन गेले. कोणी काही पाहिलं नव्हतं. डीजेवाला म्हणाला, मी स्पीकरकडे बघत होतो. मामाच्या थोरल्या जावयाने तर सांगितलं, आमच्याकडे दारू चालतच नाही. सगळे फितूर. अक्का मागच्या बाकावर बसून ऐकायच्या. त्यांचं तिथे काही काम नव्हतं, पोरगं आता साक्षीदार होतं. तरी एकही तारीख चुकवली नाही. या कलमाखाली कोणाला शिक्षा झालेली त्यांनी तोवर पाहिलीच नव्हती. प्रत्येक वेळी हेच व्हायचं. "अख्खं गाव आंधळं होतं," त्या म्हणायच्या, "आणि एका पोराला म्हणायचं, तू बघ."

त्याची साक्ष झाली त्या दिवशी मीही होते. मामाचे वकील धुळ्याचे, मुरलेले. त्यांनी आवाज चढवला नाही. तू चोरून पीत होतास ना? बिअर तूच आणलीस ना? पोरगं नाही म्हणत राहिलं. मग ते म्हणाले, "तुझे वडील वारले तेव्हा तू किती वर्षांचा होतास?"

"चार."

"तेव्हापासून तुझी फी कोण भरतं? कपडे कोण घेतं?"

"मामा."

"तापाने फणफणलास तेव्हा पाठीवर घेऊन पारोळ्याला कोण धावलं होतं?"

"मामा."

"आणि स्वतःवरचा ठपका कमी व्हावा म्हणून त्याच माणसाला तू आज तुरुंगात घालायला निघालास. हे खरं आहे की नाही?"

पोराने कठडा धरला होता. तो मामाकडे बघत होता. वकील म्हणाले, "उत्तर दे. खरं आहे ना, की तू खोटं बोलतोयस?"

"साहेब."

हाक मागून आली होती, आरोपीच्या पिंजऱ्यातून. मामा उभा होता. न्यायाधीशांनी त्याला गप्प राहायला सांगितलं. तो राहिला नाही.

"साहेब, त्याले सोडा. पोऱ्या खरं बोली ऱ्हायना. मीच दिन्ही व्हती. बठ्ठासना समोर."

पोरगं खरं बोलतंय, सगळ्यांसमोर आपणच दिली, हे ऐकताच त्याचे वकील वळून त्याच्याकडे धावलेच. न्यायाधीशांनी कामकाज थांबवलं, मामाला वकिलांशी बोलायला वेळ दिला, पुन्हा बोलावून समजावलं, की याचा परिणाम काय होईल ते तुम्हाला कळतं का, कोणी जबरदस्ती केली का. मामाचं उत्तर तेच राहिलं. फक्त आता तो प्रमाण भाषेत बोलत होता, शाळेतल्या मुलासारखा, एकेक शब्द जपून. "कळतं साहेब. मला गुन्हा कबूल आहे."

मी अक्कांकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी त्यांचं कलम उभं राहिलं होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि शेजारून उठून गेल्या. बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "अक्का, झालं." त्या म्हणाल्या, "हो. आता त्याला जरा कमी शिक्षा व्हावी म्हणून कोण बोलणार आहे? त्याचा वकील रुसून बसलाय." आणि खरंच, शिक्षेच्या प्रश्नावर मामाच्या वकिलांनी मांडायचे मुद्दे अक्कांनी त्यांच्या शेजारी बसून काढून दिले. सरकारी वकिलांनी हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

मामाला दोन वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी आई आणि पोरगं आले होते. टरबूजवाल्याची बायकोही आली होती, मुलीला घरी ठेवून, एकटी. खोलीत सगळ्यात मागे बसली होती. मामाला नेताना त्याने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं, कारण आत नेऊ देत नाहीत असं शिपायाने सांगितलं होतं.

अक्का आणि मी रिक्षाने आईला आणि पोराला स्टँडवर सोडायला गेलो. पारोळ्याची गाडी लागलेली, जवळजवळ भरलेली. पोराने आईला वर चढवलं. आम्ही खालून खिडक्यांतून बघत होतो. मधल्या एका बाकावर खिडकीशी ती टरबूजवाल्याची बायको बसली होती, शेजारी पिशवी ठेवून. सगळ्या गाडीत तेवढीच जागा उरली होती.

आई तिथे येऊन थांबली. दोघींनी एकमेकींना ओळखलं होतं, तारखांना इतक्यांदा पाहिलेलं. मागून लोक ढकलत होते, कंडक्टर ओरडत होता, पुढे सरका, पुढे सरका. पोरगं आईच्या मागे दांडी धरून उभं, मान खाली. बाईने काही क्षण समोर पाहिलं. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली.

आई बसली. दोघी समोर बघत राहिल्या. कंडक्टरने घंटी मारली.

"अक्का," मी म्हटलं, "एका बाकावर बसल्या दोघी."

अक्कांनी पदराने चेहरा पुसला. "दुसरी गाडी तासाभराने आहे ग," त्या म्हणाल्या, आणि गाडी फाटकातून बाहेर वळेपर्यंत तिथेच उन्हात उभ्या राहिल्या.